खरा उन्हाळा रात्री कळतो

४ जुलै

पहाटे पावणेपाचला आईला घेऊन इथे, अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये, कालव्याकाठी फिरून आले. तांबडं फुटायचं होतं आणि पारा ९० फॅरनहाइटवर, म्हणजे ३२ सेल्सिअस. नेहमीचे सगळे भेटले. कपाळाला दिवा बांधून धावणारे, कुत्री घेऊन निघालेले, बाबागाड्या ढकलणारे. एकदा ऊन वर आलं की रस्त्यावर माणूस दिसत नाही, त्यामुळे अख्ख्या वस्तीची एकमेकांशी जी काही भेट व्हायची ती या तासाभरात होते.

आई थोडं चालली आणि थांबली. "काहून वं, पहाटेलेही गारवा नाही इथं?"

तिचा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. अकोल्याची बाई आहे ती. मे महिन्यातले ४५-४६ अंश तिने जन्मभर काढले आहेत. नवतपा, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, दुपारी बारा ते पाच दारं-खिडक्या बंद, हे सगळं तिला पाठ. पण अकोल्यात रात्री गच्चीवर पाणी मारायचं, बाजा टाकायच्या, आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला कोणीतरी उठून मुलांच्या अंगावर चादर घालायचं. दिवसभराची तलखी त्या दोन-तीन तासांत निघून जायची. फिनिक्समध्ये ते तासच नसतात.

इथे येऊन राहिल्यावर मला जे कळलं ते एवढंच. दिवस चुकवता येतो, रात्र चुकवता येत नाही.

९ जुलै

आज ऑफिसात नव्याने आलेला एक मुलगा विचारत होता, ११५ ची सवय होते का. त्याला म्हटलं, कमाल तापमान बघू नकोस, किमान बघ.

२०२३ चा जुलै इथले लोक विसरणार नाहीत. ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० वर (४३ सेल्सिअसवर) किंवा त्याच्याही पुढे गेला. बातम्यांत तोच आकडा गाजला. त्याआधीचा विक्रम १९७४ मधला, १८ दिवसांचा होता. पण त्याच महिन्यात सलग १६ रात्री पारा ९० च्या खाली उतरला नाही, आणि १९ जुलैचं किमान तापमान ९७ होतं. म्हणजे ३६ सेल्सिअस. चोवीस तासांतल्या सगळ्यात गार क्षणीही हवा जवळपास अंगाइतकीच गरम. शरीर दिवसभर रक्त कातडीकडे ढकलत, घाम काढत स्वतःला थंड ठेवतं, आणि या कष्टात हृदयाला रात्रीची विश्रांती लागते. ती नाही मिळाली की दुसरा दिवस आदल्या दिवसाचा थकवा घेऊनच सुरू होतो. म्हातारी माणसं, हृदयाची किंवा रक्तदाबाची औषधं घेणारी माणसं यातच खचतात.

शहर रात्री का निवत नाही, यामागे काही गूढ नाही. डांबर, सिमेंट, पार्किंगची मैदानं दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते बाहेर सोडतात. शहराबाहेरच्या उघड्या वाळवंटात रात्री बराच गारवा येतो. त्यात घराघरांतले एसी आतली उष्णता बाहेर फेकतात. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला होता की निव्वळ एसीच्या या उष्णतेने फिनिक्सच्या काही भागांतली रात्र एका सेल्सिअस अंशाहून अधिक तापते. घरात जगण्यासाठी आपण जे लावतो त्याने बाहेर झोपणाऱ्याची रात्र आणखी गरम होते. हे वाचल्यापासून आमच्या अंगणातलं ते घरघरणारं यंत्र मला निराळंच दिसतं. बंद तर करता येत नाही.

२०२० पासून शहराने काही वस्त्यांतल्या रस्त्यांवर फिकट राखाडी लेप द्यायला घेतलं. रस्ता कमी तापतो हे मोजून सिद्ध झालं. पण भर दुपारी त्यावरून चालणाऱ्याच्या अंगावर परावर्तित ऊन जास्त येतं हेही त्याच मोजणीत दिसलं. झाडं लावावीत तर त्यांना पाणी हवं, आणि मोठी व्हायला वर्षं. तरी माझं मत विचाराल तर झाडंच. बसथांब्यावर लोखंडी खांबाच्या बोटभर सावलीत एकामागे एक उभी राहिलेली माणसं बघितली की दुसरं काही सुचत नाही.

१० जुलै

नळाच्या गार पाण्याच्या तोटीतून गरम पाणी येतं. आईने तांदूळ त्यातच धुतले, भात लवकर शिजला म्हणाली. संध्याकाळी कैरीचं पन्हं. कैरी मेक्सिकन दुकानात मिळाली, कोवळी नव्हती, चाललं.

१६ जुलै

काल संध्याकाळी साडेसहाला एसी बंद पडला.

पंखा फिरत होता पण हवा गरम यायला लागली. बाहेर ११४. थर्मोस्टॅटवर ७८ चे ८१ झाले, मग ८४. दुरुस्तीवाल्यांना फोन लावत गेले. एकाने सोमवार सांगितला, दुसऱ्याने नाव लिहून घेतलं. आई शांत होती. तिने साडी भिजवून खिडकीला बांधली, ताकात मीठ-जिरं घालून माझ्यापुढे ठेवलं, आणि "होऊन जाते एक रात्र" म्हणाली. अकोल्यात तिचं हे म्हणणं बरोबर ठरलं असतं. तिथल्या घराच्या भिंती हातभर जाड, वर उंच छत, खिडक्या समोरासमोर. इथली घरं लाकडी सांगाड्यावर पातळ भिंती उभारून, एसी चालूच राहणार हे धरून बांधलेली. साडेनऊला आत ९१ झाले आणि बाहेर अजून १०६. खिडकी उघडून तरी काय आत येणार होतं?

तिचा चेहरा लाल झाला आणि घाम कमी वाटायला लागला, तेव्हा मी पुढे विचार केला नाही. तिच्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या आणि एक बदलायची साडी घेतली आणि टेंपीला मैत्रिणीकडे गेलो. तिने दारातच आईच्या मानेला ओला टॉवेल लावला. तासाभराने आई गप्पा मारायला लागली.

आज दुपारी मेकॅनिक आला. एसीची मोटर चालू करून देणारा कपॅसिटर गेला होता. मुठीत मावेल एवढा डबा. पाच-दहा मिनिटांचं काम. म्हणाला, जुलैत सर्वांत जास्त हेच बदलतो, उष्णतेने हेच आधी जातात.

माझ्याकडे गाडी होती, मैत्रीण होती, फोनवर बोलायला भाषा होती. मॅरिकोपा काउंटीने, म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्याने, २०२३ मध्ये उष्णतेने झालेले ६४५ मृत्यू नोंदवले. जवळपास निम्मी माणसं बेघर होती. पण दीडशेहून अधिक जण घरात गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी एसी होता, फक्त चालत नव्हता. हा अहवाल मी पूर्वी वाचला होता. काल रात्री आईचा हात हातात घेऊन गाडी चालवताना त्या दीडशे घरांतले ८१, ८४, ९१ मला दिसत होते.

१९ जुलै

आईला डेझर्ट बोटॅनिकल गार्डनला नेलं, सकाळी उघडल्या उघडल्या. सग्वारो बघून ती हरखली. हात वर करून उभे असलेले, शंभर-दीडशे वर्षं जगणारे निवडुंग. त्यांची आठवण मात्र मला २०२३ चीच येते. त्या उन्हाळ्यात इथल्या सग्वारोंच्या फांद्या गळून पडल्या, काही झाडं मुळापासून कोसळली. वाळवंटाचंच झाड, त्याला ऊन काय नवं? पण सग्वारो दिवसा आपली रंध्रं मिटून घेतो, पाणी जाऊ नये म्हणून, आणि श्वास रात्री घेतो. रात्र गरम राहिली की त्याला श्वासच पुरेसा घेता येत नाही, आतून तो कमजोर होत जातो. तिथल्या मंडळींनी हे समजावून सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आज आईला सांगितलं. ती बराच वेळ एका मोठ्या झाडाशी उभी राहिली आणि मग म्हणाली, "याच्यासाठी तरी रात गार पडायले पायजे."

२५ जुलै

संध्याकाळी धुळीची भिंत आली. इथे तिला हबूब म्हणतात. आकाश तपकिरी झालं, समोरचं घर दिसेना. मग थोडा वारा, चार थेंब, आणि ओल्या क्रिओसोटचा वास. हे वाळवंटी झुडूप पावसात जो वास सोडतं त्यावर इथली सगळी माणसं जीव टाकतात, आणि मीही. पाऊस मात्र पडला नाही. २०२३ मध्येही असंच झालं होतं. तो मॉन्सून फिनिक्सच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला.

आई विचारत होती, इथे कूलर का नाही लावत? तिला सांगितलं की कूलरचं हे गाव एके काळी माहेरघर होतं. १९३० च्या दशकात लाकडी खोकं, लाकडाचा भिजवलेला कीस आणि पंखा अशी जुळणी करून इथल्या लोकांनी घरोघरी कूलर बसवले, पुढे त्याचे कारखानेच निघाले. त्याआधी माणसं पडवीत ओल्या चादरी टांगून झोपायची. ऐकून तिला इथल्या जुन्या माणसांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. कूलर जूनच्या कोरड्या हवेत अजूनही उत्तम चालतो. जुलैत दक्षिणेकडून दमट हवा येते आणि तो नुसता चिकचिक करतो. मृगाचा पाऊस झाला की आमच्या अकोल्यातही कूलरचं हेच होतं.

२ ऑगस्ट

एसी बिघडल्यापासून एक गोष्ट मनात घर करून बसली होती. आज मैत्रिणींशी सविस्तर बोलले.

आपल्या लोकांचे आई-वडील इथे नेमके उन्हाळ्यात येतात. नातवंडांना सुट्टी असते, तिकडे पावसाळा सुरू झालेला असतो. सहा महिने राहतात. मुलगा-सून कामाला गेले की दिवसभर घरात एकटे. गाडी नाही, थर्मोस्टॅटला हात लावायची धास्ती, वीजबिल वाढेल म्हणून एसी कमी करणारे तर कितीतरी. आणि विदर्भ-मराठवाड्यातून आलेले सगळे एकच सांगतात, आम्हाला ऊन नवं नाही. त्यांना ऊन नवं नाहीच. पण हवेत आर्द्रता इतकी कमी असते की घाम येतो तिथेच वाळतो आणि आपण पाणी गमावतो आहोत हे कळतच नाही. डांबर ७० सेल्सिअसच्या वर तापतं. त्यावर पडलेल्या माणसाला उठता आलं नाही तर काही क्षणांत भाजतं. इथल्या बर्न सेंटरमध्ये दर उन्हाळ्यात असे रुग्ण येतात. गेटपर्यंत अनवाणी जाऊन टपाल आणायचं, ही आपली अगदी साधी सवय इथे महागात पडते.

म्हणून एक कागद केला, मराठीत, मोठ्या अक्षरात, फ्रिजवर लावायचा. घराचा पत्ता, इंग्रजीत आणि मराठीत. शेजारच्या दोन घरांचे फोन. आत ८५ च्या वर गेलं तर थांबायचं नाही, फोन करायचा. चक्कर, मळमळ, बडबड, घाम थांबणं यांपैकी काही दिसलं तर ९११. अॅम्ब्युलन्सचं बिल किती येईल हा विचार तेव्हा करायचा नाही, ही ओळ सगळ्यांनी मिळून घातली. फिनिक्सचे अग्निशमन दलाचे लोक २०२४ पासून बर्फ-पाण्याने भरलेली पिशवी घेऊन येतात आणि रुग्णाला त्यातच घालून रुग्णालयात नेतात. ही मदत वेळेत बोलावली तर माणूस वाचतो, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक ओळ. फिनिक्सच्या नियमानुसार एसी असेल तर घरमालकाने घर ८२ अंशांपर्यंत थंड राहील अशी सोय ठेवलीच पाहिजे. नव्याने आलेल्या मुलांना हे माहीत नसतं, ती बिचारी मालकाला विनवण्या करत बसतात. उन्हाळ्यात बिल थकलं तरी एपीएस या इथल्या मोठ्या वीज कंपनीला १ जूनपासून १५ ऑक्टोबरपर्यंत वीज तोडता येत नाही. हा नियम एका वृद्ध बाईचा वीज तोडल्यावर घरात जीव गेला म्हणून आला. मोबाइल होमच्या (कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घरांच्या) वसाहतींत राहणाऱ्यांना एसी बसवायला मनाई करता येणार नाही, हा कायदा तर २०२४ मध्ये झाला. एवढी साधी गोष्ट कायद्यात लिहायला इतकी वर्षं लागली याचा मला राग येतो.

८ ऑगस्ट

घरात एकट्या असणाऱ्या या आई-वडिलांना दुपारी दीड-दोनच्या सुमाराला फोन करायच्या पाळ्या लावल्या आहेत. विचारायचं दोनच गोष्टी, थर्मोस्टॅटवर आकडा काय दिसतो आणि सकाळपासून किती पाणी झालं. आई स्वतःहून या कामात शिरली. माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात, कारण ती "कशा हाय काकू, जेवल्या काय?" पासून सुरुवात करते आणि आकडा शेवटी काढून घेते.

गिल्बर्टच्या एका काकूंनी आज ८८ सांगितला. त्यांना वाटत होतं की ठीकच आहे, पंखा लावलाय. आईने त्यांना फोनवरच धरून ठेवलं, मी त्यांच्या मुलाला लावला, आणि शेजारीण त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. संध्याकाळी मुलाचा फोन आला. कपॅसिटरच होता.

उद्या मेसाच्या घरांत कागद पोचवायचे आहेत. आई म्हणते, रात्री झोपायच्या आधीचाही एक फोन ठेवा. बरोबर आहे तिचं. ती पाळी मी घेते आहे.