तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लूज ऐकायला कुठून सुरुवात करू?

असा मेसेज मला अधूनमधून येतोच. (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांमधून आलेलं गाणं-संगीत.) विचारणाऱ्याला बहुतेक वेळा रॉबर्ट जॉन्सन या जुन्या ब्लूज गायकाचं नाव अपेक्षित असतं, कारण चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा त्याच्या कानावर आलेली असते. जॉन्सन थोर, वादच नाही. पण १९३६-३७ची ती खरखरणारी रेकॉर्डिंग्ज नवख्या कानाला जड जातात, आणि चार गाण्यांनंतर माणूस गुपचूप दुसरीकडे वळतो. म्हणून मी सांगतो, विली डिक्सनपासून सुरुवात करा. त्यावर "हा कोण?" हे ठरलेलं.

बरोबरच आहे. डिक्सन मागे उभा राहून डबल बेस हे उभं, मोठं तंतुवाद्य वाजवायचा. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा, जन्म १९१५चा. शिकागोत येऊन आधी बॉक्सर झाला. जो देश काळ्यांना धड वागवत नाही, त्याच्यासाठी लढणार नाही म्हणून दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरती नाकारली आणि तुरुंगात गेला. पुढे शिकागोतल्याच चेस रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीत गाणी लिहिणं, वादक जमवणं, गायकाकडून गाणं बसवून घेणं ही सगळी कामं त्याच्या गळ्यात पडली.

'हूची कूची मॅन' लावा. जानेवारी १९५४, गायक मडी वॉटर्स. सगळे वादक मिळून एक छोटा तुकडा वाजवतात आणि गप्प होतात. त्या रिकाम्या जागेत मडी एक ओळ फेकतो. पुन्हा तोच तुकडा, पुन्हा ओळ. जिप्सी बाईचं भाकीत, काळ्या मांजराचं हाड, सातव्या महिन्यातल्या सातव्या दिवशीचा जन्म, असली बढाई त्या शांततेत काय शोभते! मग अचानक लिटल वॉल्टरच्या माउथ ऑर्गनसकट सगळे एकदम वाहू लागतात. डिक्सन सांगायचा की हे गाणं त्याने मडीला क्लब झँझिबारच्या बाथरूममध्ये शिकवलं, आणि मडीने लगेच बाहेर जाऊन स्टेजवर म्हटलं.

चेसचाच दुसरा गायक हाउलिन वुल्फ, त्याची तऱ्हा वेगळी. त्याला डिक्सनची गाणी फारशी पसंत नसायची, वर चांगली गाणी मडीलाच मिळतात अशी तक्रार. डिक्सनने तोड काढली. वुल्फसाठी केलेलं गाणं "हे मडीसाठी आहे" म्हणून ऐकवायचं, की वुल्फ ते हटकून मागून घेणार! वुल्फचं 'स्पूनफुल' (१९६०) जवळजवळ एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या एकाच जुळणीवर) चालतं, तरी क्षणभर कंटाळा येत नाही. 'लिटल रेड रूस्टर'ही डिक्सनचंच. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडने ते १९६४मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं.

आकाशवाणीवर गीतकार-संगीतकाराचं नाव ऐकूनच गाणं सुरू होण्याची सवय असलेल्या आपल्याला पुढचं जरा खटकेल. डिक्सनच्या गाण्यांचे हक्क आर्क म्युझिक या कंपनीकडे होते आणि तिच्यात चेस रेकॉर्ड्सचे मालक चेस बंधू यांची भागीदारी होती. रॉयल्टीसाठी डिक्सनला सत्तरच्या दशकात कोर्टात जावं लागलं. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये (१९६९) मडीसाठी लिहिलेल्या 'यू नीड लव्ह'चे शब्द उघड ओळखू येतात. त्यावर १९८५मध्ये दावा झाला, दोन वर्षांनी कोर्टाबाहेर मिटला. झेपेलिन मलाही आवडतात, पण हे काही त्यांना शोभलं नाही. डिक्सनने काढलेली ब्लूज हेवन फाउंडेशन ही संस्था आज चेसच्या जुन्या स्टुडिओच्या इमारतीत आहे, २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यूवर.

तर आधी मडी, मग वुल्फ, मग लिटल वॉल्टरचं 'माय बेब' आणि ओटिस रशचं 'आय कान्ट क्विट यू बेबी'. चारही ठिकाणी गीतकार एकच. डिक्सन स्वतः गायलेला 'आय अ‍ॅम द ब्लूज' हा अल्बमही आहे, पण तो अगदी शेवटी ऐका. मडी आणि वुल्फनंतर त्याचा आवाज जरा फिकाच वाटतो.