दुसरा संच कोणाकडे?

चिनूच्या प्रश्नात काही नव्हतं खरं तर. तरी दुपारपासून कशात लक्ष लागत नाहीये.

मंगळावर जायचंय आणि विज्ञानकथेतलं एकच यंत्र सोबत नेता येईल, तर कोणतं? तो स्वतः शीतनिद्रेची पेटी नेणार. सातेक महिने झोपायचं, उठायचं ते थेट मंगळावर. वहिनीला मागू तो पदार्थ बनवून देणारं यंत्र हवं. मी विचारही न करता म्हटलं, अँसिबल. इथे निरोप दिला की त्याच क्षणी तिथे पोचवणारा संच, मध्ये कितीही अंतर असो. विज्ञानकथा लिहिणाऱ्या अर्सुला ल ग्विन बाईंच्या १९६६ च्या कादंबरीतला.

"आणि आत्या, दुसरा संच कोणाकडे ठेवशील?"

मला नावच सुचेना. पेटीला दुसरं कोणी लागत नाही, स्वयंपाकाच्या यंत्रालाही नाही. माझ्या यंत्राला लागतं.

संध्याकाळभर एकेक नाव घेऊन पाहिलं. दादा "नंतर करतो" म्हणतो, आणि मग. मीनलला आता वेळ नसतो. आईचं तर काय. मनात येत राहिलं की इतकी वर्षं माणसांत राहून एक संच ठेवायला माणूस नाही. रडू आलं.

मला तो संच का हवा हे मात्र नीट माहीत आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरताना त्याचा क्षीण संदेश त्यांनी टिपला होता. मंगळ तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर, संदेशाला यायला पावणेदहा मिनिटं. यान वातावरणात शिरल्यापासून जमिनीवर पोचेपर्यंतचा वेळ मात्र सहाच मिनिटांचा. उतरायच्या जरा आधी संदेश थांबला. यान आदळून नष्ट झालं होतं. म्हणजे ते वातावरणात शिरलं हे खोडदला कळलं, तेव्हा तिकडे सगळं आटोपलेलं होतं. ऐकणारे अजून वाट पाहत होते.

बाबांच्या वेळी मी रात्रीच्या बसमध्ये होते. घरी गेल्यावर त्यांना काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते. असो.

असा संच होणार नाही, हेही मला माहीत आहे. प्रकाशाच्या पुढे निरोप धाडता आला, तर कुणाच्या तरी घड्याळाने उत्तर प्रश्नाच्या आधी पोचेल. सापेक्षतेत ते बसत नाही. आणि झालाच, तरी दुसरा संच मला बाबांकडे ठेवायचा होता. हे आत्ता लिहिता लिहिता हाती आलं.

ते कागदावर उतरल्यावर जरा मोकळं वाटतंय. पृथ्वी-मंगळ निरोपाला जवळात जवळ तीन मिनिटं, लांबात लांब बावीस. तेवढ्या वेळात संभाषण होत नाही. आपण बोलून ठेवायचं, समोरच्याने सवडीने ऐकायचं. आई आणि मी हेच तर करतो. सकाळी ती व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून ठेवते: सिलिंडर आला, गवार कोवळी मिळाली, गुडघा. मी जेवणाच्या सुट्टीत ऐकते, संध्याकाळी माझं बोलून ठेवते. समोरासमोर किंवा फोनवर आमचं दुसऱ्या वाक्याला बिनसतं. निरोपांत नाही बिनसत. ती मला पूर्ण बोलू देते, मी तिला. दर सव्वीस महिन्यांनी सूर्य मध्ये येतो, तेव्हा नासा मंगळावरच्या यानांना दोनेक आठवडे आज्ञा पाठवत नाही. आमचे अबोले त्याहून लांबलेले आहेत, तरी नंतर निरोप सुरू झालेत.

बावीस मिनिटं आम्हा दोघींना चालतील. त्याला वेगळं यंत्र नको. दादाचं काय करायचं ते मात्र मला अजून कळत नाही.