काय वाचून राहिली?

संक्रांत ते रथसप्तमी नागपुरात हळदीकुंकवांना तोटा नसतो. धरमपेठेतल्या आमच्या महिला मंडळाचं वार्षिक स्नेहसंमेलनही त्याच दिवसांत, एखादा रविवार गाठून व्हायचं. थंडी अशी, की उन्हाच्या मागं सरकत खुर्च्या मांडव सोडून अंगणात यायच्या. आई मंडळाची सभासद, म्हणून सतरंज्या झटकायचं काम लहानपणापासून माझ्याकडे.

नटूनथटून यायला कुणी मागे नसायचं. पैठण्या, नथी, गजरे, सगळं. (वाचणारी बाई म्हणजे सुती साडी आणि जाड चष्मा, हे कुठून आलं कोण जाणे. मंडळातली सगळ्यांत वाचणारी बाई म्हणजे खजिनदार काकू, आणि नथ सगळ्यांत मोठी तिचीच.) पण साडीचं कौतुक फाटकाशीच उरकायचं. आत शिरलं, की वाचनालय सांभाळणाऱ्या काकू विचारायच्या, "काय वाचून राहिली सध्या?" उत्तर नसलं की भल्याभल्या ओशाळायच्या.

वाचनालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं आणि एक लांबुडकं रजिस्टर. पुस्तकं थकवणाऱ्यांची नावं संमेलनात माइकवरून वाचत, तीही नवरेमंडळी जेवायला आल्यावर. एकदा अध्यक्षबाईंचंच नाव निघालं.

एका वर्षी नव्या कमिटीला पाहुणी म्हणून टीव्हीवरची नटी हवी होती. मानधनाचा आकडा ऐकून खजिनदार काकू म्हणाल्या, "बाप्पा! येवढ्यात तं तिसरं कपाट येते." कपाटच आलं. चार-पाच जणी रुसल्या. मीही फुगले होते. बारावीतल्या मुलीला कपाटाचं काय कौतुक?

बहुधा आमची समजूत काढायलाच त्या वर्षी 'ओळखा पाहू' ठेवलं. पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो. रेखा, माधुरी, श्रीदेवी. फोटो पुरता वर यायच्या आत सगळा मांडव ओरडायचा. मग एक फोटो आला आणि सगळ्या चिडीचूप. कुणी म्हणालं, कुणाची तरी सासू दिसते. तेवढ्यात शेवटच्या रांगेतल्या एक आजी खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. "अगं, ह्या तर आमच्या बाई!"

त्या कुसुमावती देशपांडे होत्या. याच गावात, मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या. १९६१ साली ग्वाल्हेरला मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झालेल्या. कार्यक्रमपत्रिका बाजूला राहिली आणि आजी मॉरिस कॉलेजच्या वर्गात जाऊन बसल्या. शेवटी सेक्रेटरींनी चहा आणवला तेव्हा कुठे थांबल्या.

पुढच्या वर्षी आम्ही तयारीनं गेलो. दुर्गाबाई भागवत, कराड, १९७५, तोंडपाठ. पण प्रश्न आला भलताच: जुलै १९४२मध्ये नागपुरात दलित वर्गाच्या महिलांची परिषद भरली, बाबासाहेब तिथं बोलले, तिच्या अध्यक्ष कोण? धरमपेठ गप्प. नागपुरातल्याच इंदोऱ्याहून येणाऱ्या, बालवाडीत शिकवणाऱ्या ताईंनी बसल्या जागेवरून सांगितलं, "सुलोचनाबाई डोंगरे." आणि वर, "तुमच्या कपाटात यातलं एकबी पुस्तक नाही. मी पाहून घेतलं."

बोलणं झोंबलं, पण खरं होतं. त्या दसऱ्याला काकू पिशव्या घेऊन ताईंबरोबर दीक्षाभूमीवर गेल्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथं लागतात तसे पुस्तकांचे स्टॉल मी दुसरीकडे पाहिले नाहीत. लांबून आलेल्या बाया, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, आणि घासाघीस चाललेली ती पुस्तकांची. जईबाई चौधरींची ओळख आम्हाला तिथूनच झाली. ओझी वाहणारी ही बाई पुढे नागपुरात मुलींची शाळा काढते, आणि आम्हाला पत्ता नाही! तिसऱ्या कपाटाचा वरचा खण त्या दसऱ्यानं भरला.

आता मंडळात सेल्फी पॉइंट असतो आणि मीही तिथं उभी राहते. पुठ्ठ्यावरचे फोटो मोबाइलमधून पडद्यावर गेलेत. शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि २०२५च्या दिल्लीच्या संमेलनानंतर तारा भवाळकर. ताराबाईंचा फोटो आला तशी एका कॉलेजच्या मुलीनं बोटं मोजली. १८७८पासून संमेलनं भरताहेत आणि बायका सहाच? त्यावर पंगतीत अशी काही जुंपली, की वाढणाऱ्या मुली ऐकत उभ्या राहिल्या आणि गोळाभात फोडणीच्या तेलाशिवायच संपला.