437 मूळ संख्या आहे का? पोलीस भरतीच्या अभ्यासातला माझा अनुभव

अंकगणितातला अगदी सुरुवातीचा धडा, पण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यानंच खाल्ला. विभाजक, विभाज्य, 2-3-5 च्या कसोट्या शाळेत झालेल्या होत्या, त्या भराभर आटपल्या. अडकले ते एकाच ठिकाणी: तीन अंकी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ओळखायचं कसं?

मी ज्या क्लासला जात होते तिथे एक ट्रिक दिली होती. संख्येला 6 नं भागा. बाकी 1 किंवा 5 उरली की संख्या मूळ. फळ्यावर 31, 53, 97 करून दाखवल्या, सगळ्या बरोबर आल्या आणि वर्ग लसावि-मसाविकडे वळला. पुढे सराव पेपरात 437 आली. 6 × 72 = 432, बाकी 5, म्हणजे मूळ. उत्तरतालिकेत मात्र संयुक्त. विचारायला गेले तर "तालिकाच चुकली असेल, पुढचं बघ" असं सांगितलं. याचा राग मला अजून आहे. पहाटे ग्राउंड करून, कुणी दिवसभर कामावर जाऊन मुलंमुली क्लासला येतात, घरच्यांच्या पैशातून फी भरतात. त्यांना अर्धवट नियम द्यायचा आणि शंका काढली की वाटेला लावायचं, हे मला पटत नाही.

मग वही घेऊन ती ट्रिकच तपासायला बसले. 25 ला बाकी 1, 35 ला 5, 49 ला 1. पुढे 55, 65, 77, 85, 91, 95. सगळ्या ट्रिकमध्ये बसतात आणि त्यात मूळ एकही नाही! खरा नियम उलट बाजूनं आहे. 2 आणि 3 सोडून कुठल्याही मूळ संख्येला 6 नं भागलं की बाकी 1 किंवा 5 च उरते. त्यामुळे बाकी 0, 2, 3, 4 आली तर संख्या लगेच बाद करा (2 आणि 3 स्वतः सोडून). 1 किंवा 5 आली तर 2 नं आणि 3 नं भाग जात नाही, एवढंच कळतं. एका भागाकारात निकाल लागत असता, तर कितीही मोठी संख्या मूळ आहे की नाही हे ठामपणे आणि वाजवी वेळात सांगणारी पद्धत शोधायला 2002 साल उजाडलं नसतं. ती कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली, याचा मला फार अभिमान वाटतो.

आपल्या पेपरासाठी वर्गमूळ पुरतं. 21 चा वर्ग 441. म्हणजे 437 चे दोन अवयव पडत असतील तर दोन्ही 21 किंवा त्याहून मोठे असूच शकत नाहीत. एक तरी 20 च्या आत सापडणार. म्हणून तपासायच्या फक्त 2, 3, 5, 7, 11, 13, 17, 19. पहिल्या तीन बघताक्षणी गेल्या. 7 × 62 = 434, बाकी 3. 11 × 39 = 429, बाकी 8. 13 × 33 पण 429 च. 17 × 25 = 425, बाकी 12. आणि 19 × 23 = 437. तालिका बरोबर होती! त्यानंतर 397 घेतली. 19 पर्यंत कशानंच भाग गेला नाही, तिथे थांबले. मूळ.

यासाठी 30 पर्यंतचे वर्ग आणि 13, 17, 19 चे पाढे तोंडपाठ हवेतच. 19 ची एक सोपी कसोटी आहे: शेवटच्या अंकाची दुप्पट उरलेल्या संख्येत मिळवा. 43 + 14 = 57, म्हणजे 19 त्रिक. आणि हो, 1 ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही. पर्यायांत ती हमखास पेरलेली असते.

विभाजक किती असं विचारलं तर जोड्या मांडत बसू नका. 72 = 2³ × 3². घातांकांत एकेक मिळवून गुणा: 4 × 3 = 12 विभाजक.

विभाज्यांचं सांगायचं राहिलंच. 100 ते 200 मध्ये 7 च्या विभाज्य संख्या किती? 200 ला 7 नं भागून 28, 99 ला भागून 14, वजाबाकी 14. इथे 100 ऐवजी 99 च घ्यायची सवय लावा. 7 ला फरक पडत नाही, पण 5 च्या विभाज्य विचारल्या तर 100 घेतल्यावर एक संख्या कमी येते.