ग्रांफू ते बातल: जुनी जिप्सी घेऊन स्पितीला निघण्याआधी रेडिएटरची कॅप बघा

कालच घरी पोचलो. अंग अजून ठणकतंय, पण डोक्यात राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

गाडी २००२ ची जिप्सी, १२९८ सीसी पेट्रोल. निघण्याआधी पुण्यात एका गॅरेजवाल्याला स्पष्ट सांगितलं होतं, ऑक्टोबरअखेर हिमाचलात स्पितीला जातोय, कूलंट (इंजिन गार ठेवणारं आणि थंडीत न गोठणारं द्रव) नवीन टाक. तो म्हणाला, "दादा, एकदम टकाटक करून देतो." हिरवंगार कूलंट बघून मी पैसे दिले आणि निघालो. मनालीपर्यंत तीन दिवस सरळ रस्ता, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अटल बोगदा ओलांडून कोकसरवरून ग्रांफूला वळलं की खरा रस्ता सुरू होतो. रस्ता म्हणायचं ते सवयीने. पुढचे पन्नासेक किलोमीटर नदीतल्या गोट्यांवरून गाडी चालवायची. लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर), त्यात पहिला-दुसरा, ताशी दहाचा वेग. त्या वेगाला रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. छतडूच्या पुढे इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. छोटा दर्राजवळ बॉनेटखालून वाफ आली आणि कूलंटची रिझर्व्ह टाकी उकळत बाहेर सांडली. इंजिनची उष्णता ओढून घ्यायला हीटर फुल केला आणि जागा मिळेल तिथे थांबलो. चाळीस मिनिटं कॅपला हात लावला नाही. तुम्हीही लावू नका, तोंड भाजेल.

थंड झाल्यावर कॅप उघडली तेव्हा दोष कळला. खालचं रबर दगडासारखं कडक, कडेला चीर. माझ्या कॅपवर ०.९ लिहिलंय, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तेवढे बार जादा दाब तिने धरायला हवा. दाब धरला तर उकळण्याचा बिंदू शंभराच्या बराच वर जातो. दाब सुटला तर पावणेचार हजार मीटरवर साधं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि माझा थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडतोच ८२ ला. मधे उरलं काय? पुण्यात हीच फुटकी कॅप वर्षभर चालली असेल, कुणाला कळलंही नसेल. नवीन कॅप दोन-तीनशेला मिळते. जुन्या गाडीला ती डोळे मिटून बदला आणि एक जास्तीची जवळ ठेवा. मी सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली आणि रडतखडत बातल गाठलं. कुंझुम घाट संध्याकाळी ओलांडला.

दुसरा धक्का स्पितीतल्या काझा गावात. रात्री उणे १४. सकाळी कॅप उघडली तर रेडिएटरच्या तोंडाशी हिरवा बर्फाचा चुरा, गोळेवाल्याकडे असतो तसा. बोट घातलं तर करकरला. गाडी तशीच सुरू केली असती तर काय फुटलं असतं याचा विचार नको. पुण्याला फोन केला. उत्तर मिळालं, "एकास तीनच टाकतो आम्ही सगळ्यांना." एक भाग कूलंट, तीन भाग पाणी, म्हणजे २५ टक्के. ते उणे १२ च्या आसपास गोठायला लागतं. निम्मं-निम्मं केलं तर उणे ३५ च्याही खाली टिकतं. पुण्यातल्या उन्हात एकास तीन चालतं, स्पितीत अजिबात नाही.

काझात एका दुकानदाराने एक लिटर नारिंगी कूलंटचे ७०० रुपये सांगितले आणि "सगळं सारखंच असतं" असंही सांगितलं. भाव अवाजवी आणि बोलणं खोटं. डबा तयार मिश्रणाचा, म्हणजे आधीच पाणी मिसळलेला होता, त्याने पातळ कूलंट पुरेसं घट्ट होत नाही. शिवाय हिरव्यात नारिंगी मिसळलं की गंजरोधक रसायनं एकमेकांना निकामी करू शकतात, कधी गाळही धरतो. रंगावर भरवसा नको, डब्यावरचा प्रकार वाचा. माझा रेडिएटर तांब्या-पितळेचा, डाग देऊन (सोल्डरने) जोडलेला. अशाला मी जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं हिरवंच वापरतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो.

शेवटी एका टॅक्सीवाल्या भाईने घरातला कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेलं कूलंट) काढून दिला, हिरवाच, आणि वाजवी पैसे घेतले. माझ्या गाडीत पाच लिटर बसतं. दुपारी उन्हात बर्फ विरघळल्यावर इंजिन फिरवून सगळं एकजीव केलं, गार होऊ दिलं, मग दीड लिटर काढून दीड लिटर कॉन्सन्ट्रेट घातला. हिशेबाने ४७ टक्क्यांच्या वर गेलं. काढलेलं डब्यात धरलं, कारण एक कुत्रं लगेच हुंगत आलं. ते गोड लागतं आणि जनावराला मारतं. जमिनीवर ओतू नका.

की मठ, ताबो, चिचम सगळं पाहिलं, सुंदर आहे. परतताना किन्नौरवरून आलो, काटा जागचा हलला नाही.

निघायच्या आठ दिवस आधी गाडी स्वतः बघा. रेडिएटरबरोबर इंजिन ब्लॉकचाही ड्रेन प्लग (पाणी सोडायचं बूच) उघडायला लावा, नाहीतर जुनं पाणी आतच राहतं. मिसळायला डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, बोअरचं नाही. होज पाइप दाबून बघा, फुगीर किंवा चिरलेला असेल तर बदला. वॉटर पंपाखालच्या भोकाजवळ ओल दिसली तर पंप जायला आलाय. रेडिएटरच्या जाळीतला चिखल मागच्या बाजूने हलक्या धारेने धुवा. रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर घ्याच, एक थेंब टाकला की गोठणबिंदू दिसतो. माझ्याकडे तो असता तर गॅरेजच्या दारातच कळलं असतं. आणि दोन लिटर कॉन्सन्ट्रेट गाडीत ठेवा, तयार मिश्रण नको.