भंडारदऱ्याच्या पाण्याभोवती पायी : रतनवाडी, रतनगड, साम्रद

भंडारदऱ्याला येणारे बहुतेक लोक तलावाला गाडीतून चक्कर मारतात. धरणाजवळच्या शेंडी गावाहून निघायचं, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत करत संध्याकाळी परत शेंडीला. रस्ता देखणा आहे यात वादच नाही. पण पाणी कधी झाडीआड जातं, कधी डोंगराआड, आणि हा तलाव नेमका कुठून भरतो, त्याच्या पाठीशी काय उभं आहे, ते गाडीतून कळत नाही. त्यासाठी पायीच जायला हवं. आम्ही रतनवाडीतून रतनगडावर चढलो, त्र्यंबक दरवाजातून पलीकडे उतरलो आणि साम्रदला पोचलो. या भागात एकच चाल करायची असेल तर हीच करा, असं मी कुणालाही सांगेन.

आम्ही गेलो तेव्हा पाऊस नुकताच ओसरला होता. तलाव काठोकाठ भरलेला, ओढे अजून वाहते आणि माळांवर सोनकीची पिवळी रानफुलं फुललेली. सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, या वाटेसाठी हाच काळ मला सर्वांत चांगला वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस अक्षरशः कोसळतो. मे-जूनमध्ये काजवे पाहायला इतकी गर्दी होते की रात्री अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्यांना अंधार लागतो. तेव्हा गेलातच तर दिवे आणि टॉर्च बंद ठेवा, झाडांखाली गाड्या घालू नका.

रतनवाडीला मुक्काम केला तर पहाटे निघता येतं. गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते, फक्त आधी फोन करून सांगून ठेवा. तिथे गेल्यावर फोनचा फारसा भरवसा धरू नका, रेंज येते-जाते. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्या आणि गडावर रात्री राहायचा विचार असेल तर परवानगी आहे की नाही ते तिथेच विचारा.

गड चढण्याआधी अमृतेश्वराच्या देवळासाठी तासभर हाताशी ठेवा. भूमिज शैलीचं शिखर आहे, एकाच्या डोक्यावर एक अशा छोट्या शिखरांच्या ओळी वरपर्यंत चढत गेलेल्या. सकाळचं तिरकं ऊन पडलं की एकेका ओळीची सावली वेगळी दिसते. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम पावसाने झिजलंय, तरी बोटभर खोलीची नक्षी अजून शाबूत आहे. देवळाजवळची पुष्करणी मात्र बरेच जण न पाहताच पुढे जातात. चारी बाजूंनी उतरत्या पायऱ्या, कडेने कोरीव देवळ्या आणि मधोमध स्थिर पाणी. पावसाळ्यात गाभाऱ्यातली पिंडसुद्धा पाण्याखाली असते. प्रवरा इथूनच जवळ, रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि तिचंच पाणी पुढे धरणात साठून हा तलाव भरतो.

गडाची वाट देवळामागून सुरू होते आणि बराच वेळ याच प्रवरेच्या सोबतीने जाते. पात्र पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं. आम्हाला पाणी घोट्यापर्यंत लागलं. भर पावसात हेच पात्र ओलांडता येणार नाही इतकं फुगतं आणि चढताना सोपं वाटलेलं पाणी परतताना अडवू शकतं. पाऊस जोरात असेल तर पहिल्या ओलांडणीवरूनच मागे फिरा, पुढची याहून सोपी असेल असं समजू नका.

पुढे दाट जंगल लागतं. उन्हाचा त्रास नाही, पण वाट मुळांवरून आणि ओल्या दगडांवरून चढते. जंगलात एक फाटा येतो. तिथून एक वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे निघते, दुसरी रतनगडाकडे चढते. पाटी आहे, पण धुक्यात ती चुकू शकते. पहिल्यांदाच जात असाल तर गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या. याला माझं कारण सुरक्षिततेपुरतं नाही. आमच्याबरोबर आलेल्या काकांनी झाडावरचं शेकरू दाखवलं. आम्ही त्या झाडाखालून तसेच पुढे गेलो असतो.

जंगल संपलं की कातळ आणि त्याला टेकलेल्या लोखंडी शिड्या लागतात. अवघड अजिबात नाहीत, पण सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे इथेच समोरासमोर येतात आणि अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून पहाटे सहाला निघा. एका वेळी एकानेच शिडी चढावी, हात मोकळे असावेत, पिशव्या हातात घेऊ नयेत. शिड्यांनंतर गणेश दरवाजा आणि मग गुहा. रतनवाडीपासून इथवर अडीच ते तीन तास धरा. गुहेपाशी माकडं धीट झाली आहेत. खाऊची पिशवी उघडी ठेवली की गेलीच म्हणून समजा. त्यांना मुद्दाम काही घालू नका, त्या सवयीमुळेच ती माणसांच्या अंगावर येऊ लागली आहेत.

गुहेतून पुढे हनुमान दरवाजा, राणीचा हुडा नावाचा बुरूज आणि मग गडाचा लांबलचक माथा. पाण्याची टाकी जागोजागी आहेत, तरी मार्चनंतर त्यांच्यावर अवलंबून राहू नका. माणशी तीन लिटर पाणी खालूनच आणा आणि टाक्यातलं घ्यायची वेळ आली तर गाळून, शुद्ध करून प्या. माथ्यावर सोनकीतून एकच मळलेली पाऊलवाट जाते. फोटोसाठी फुलांत शिरणाऱ्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना नव्या वाटा पाडल्या होत्या आणि तिथे नुसता चिखल उरला होता. पाऊलवाटेवरूनही फोटो उत्तम येतात.

नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या नैसर्गिक भोकात, पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, पण आरपार वारा होता. गड १,२९७ मीटर उंच. एका बाजूला खाली सगळा तलाव पसरलेला, त्याच्या पलीकडे १,६४६ मीटरचं कळसूबाई, उत्तरेला अलंग, मदन, कुलंग आणि दुसऱ्या बाजूला आजोबाचा डोंगर. पायाशी जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण. इथे नकाशा उघडून निवांत बसा. तुम्ही उभे आहात ती पाणलोटाची रेघ आहे. मागे पडलेला पाऊस प्रवरेला मिळतो, धरणातून अकोले-संगमनेरकडे जातो, पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. पुढे पडलेला कोकणात उतरून अरबी समुद्राला. घाटघरचा २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प याच कड्याच्या उंचीवर चालतो : वरच्या जलाशयातलं पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. धरणाची भिंत वरून इवलीशी दिसते. प्रत्यक्षात ती ८२ मीटर उंच आहे. १९२६ च्या डिसेंबरात तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. हाच मुलूख राघोजी भांगरे यांचा. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी इंग्रजांविरुद्ध लढले आणि १८४८ मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. धरणावर आलेल्या प्रत्येकाला त्यांचं नाव माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

नेढ्याजवळूनच त्र्यंबक दरवाजाची वाट उतरते. या चालीतला सर्वांत सुंदर आणि सर्वांत जपून उतरायचा टप्पा हाच. कातळात खोदलेल्या पायऱ्या गुडघाभर उंचीच्या आहेत, काही मधूनच तुटलेल्या. सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. तोंड कड्याकडे करून, दोन्ही हात टेकत, एकेक पायरी उतरलो. पावसाळ्यात ही वाट टाळा आणि शिड्यांनीच परत फिरा. गुडघे दुखणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला आहे. पायऱ्या संपल्या की वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते, रतनगडाचा खुट्टा हा सुळका जवळून दिसतो आणि मग पुन्हा जंगलातून साम्रदपर्यंत उतार. दरवाजापासून गावापर्यंत तीन तास धरले तर घाई होत नाही. उलट दिशेनेही हा ट्रेक करता येतो, पण साम्रदकडून चढताना वाट शोधायला वेळ लागतो, म्हणून नवख्यांनी रतनवाडीहूनच सुरुवात करावी.

साम्रदला आलात की सांदण दरी जवळच आहे. ती मात्र त्याच दिवशी दमलेल्या पायांनी करू नका. दोन्ही बाजूंना सरळ भिंती, तळाला सुटे मोठमोठे दगड आणि वाटेत पाण्याचे डोह. आभाळ भरलेलं असेल तर आत पाऊलसुद्धा ठेवू नका, कारण लोंढा आला तर बाजूला व्हायला जागाच नाही. आम्ही गेलो तेव्हा डोहांत पाणी बरंच होतं, म्हणून तोंडापाशी थोडं आत जाऊन परतलो. पूर्ण दरी नीट करायची तर डिसेंबरनंतर वेगळे या.

आता येण्या-जाण्याचं. मुंबई-नाशिककडून घोटी, बारी करत शेंडी. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर, रंधा. रेल्वेने आलात तर इगतपुरीला उतरा. शेंडीपर्यंत एसटी आहे, पुढे गाड्या मोजक्या, वेळा स्थानकावर विचारून घ्या. स्वतःची गाडी रतनवाडीत लावणार असाल तर साम्रदहून परत आणणारी जीप आदल्या दिवशीच ठरवा. अंतर आठ-दहा किलोमीटरच आहे, पण दुपारनंतर ऐनवेळी वाहन मिळेलच असं नाही. परतीच्या वाटेवर रंधा धबधब्याला थांबणार असाल तर कठड्याच्या आतूनच पाहा. धरणातून पाणी सोडलं की प्रवाह बघता बघता वाढतो.