रविवारी दोरी रिकामी

आठवड्याचं भाडं तीन लाखांच्या घरात, आणि वर स्वयंपाक आपणच करायचा, हे आमच्या सासूबाईंना काही केल्या पटलं नाही. "मंग हाटेल काय वाईट होतं बाप्पा?" हा प्रश्न ग्लासगोत सुरू झाला तो थेट स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर उतरेपर्यंत. घर नणंदेनं ठरवलं होतं. ती ग्लासगोतच असते. पाहुण्यांनी हॉटेलात उतरणं म्हणजे तिच्या लेखी माहेरची नाचक्की. मग भाड्याच्या घरात उतरणं ही काय शोभा, असं मी विचारलं नाही. नणंद आहे शेवटी.

वाटेतल्या स्काय बेटाबद्दल मी काहीच लिहिणार नाहीये. दिसलंच नाही. पाऊस आणि धुकं, आणि ओल्या मोज्यांचा वास. तिथल्या ऊइगच्या धक्क्यावरून बोट सुटली आणि पावणेदोन तासांच्या आत आम्ही हॅरिसच्या टार्बर्टला होतो. सोबत चार बॅगा ओले कपडे.

ही आलिशान कॉटेजेस बहुतेक शनिवार ते शनिवार भाड्यानं देतात, म्हणून आम्ही पोचलो शनिवारी. टार्बर्टच्या दुकानात नणंद ट्रॉली भरभरून सामान घ्यायला लागली तेव्हा मला ती जरा अति करतेय असं वाटलं. "वहिनी, उद्या इथे मीठसुद्धा मिळणार नाही," एवढंच ती म्हणाली.

घर मात्र घर होतं! लस्कन्टायरच्या बाजूला, समुद्राकडची अख्खी भिंत काचेची, समोर टॅरन्से नावाचं रिकामं बेट. पायाखालची फरशी कोमट. छपरावर गवत. अंगणात हॉट टब, आणि नळाला फिक्क्या चहाच्या रंगाचं पाणी. तो रंग तिथल्या पीटचा, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीचा, पाणी चांगलं आहे, असं टेबलावरच्या सूचनांच्या फाइलीत लिहिलं होतं. आईंनी तरीही उकळून घेतलं. त्यात इंडक्शनची शेगडी. आम्ही नागपूरहून वाहून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर तिनं ओळखलाच नाही, नुसती पीप पीप करत बसली. लाखभर रुपयांच्या त्या ओट्यावर वाइनचे ग्लास पाच प्रकारचे, आणि चिमटा एक नाही. असल्या घरांत जेवायला कोण येतं, देव जाणे.

रविवारी सकाळी पडदा सरकवला आणि काय ऊन! वारा असा की धोतर दहा मिनिटांत वाळावं. मागच्या बाजूला चांगली लांब दोरी, चिमट्यांची टोपली. आईंनी बादली उचलली. तेवढ्यात फाइल चाळत बसलेल्या माझ्या लेकीनं मोठ्यानं वाचलं: कृपया रविवारी बाहेर कपडे वाळत घालू नका, शेजाऱ्यांच्या भावनांचा मान राखा.

मी खरंच चिडले. शेजारी म्हणजे कोण? सगळ्यात जवळचं घर इतकं लांब की माणूस दिसला तरी बाई की बाप्या ते कळू नये. मालकीण एडिनबर्गला. तीन लाख मोजून स्वतःच्या सलवारी वाळवायची सोय नाही? नणंद समजावत होती. इथली मंडळी चर्चची फार कडक, रविवार म्हणजे पूर्ण विसावा. लुईस आणि हॅरिस ही दोन नावं असली तरी बेट एकच, आणि उत्तरेकडच्या स्टोर्नोवेहून मुख्य भूमीकडे रविवारी बोट सुटायला २००९ साल उजाडावं लागलं. तिथलं मोठं सुपरमार्केट रविवारी उघडायला लागलं ते तर २०२४ मध्ये, तेही विरोध अंगावर घेऊन. "आपण ड्रायरमध्ये टाकू नं," ती म्हणाली.

"घाला हो आई दोरीवर, कोण बघतंय," मी म्हटलं. नवरा वर्तमानपत्र नसल्यामुळे मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. तो अशा वेळी नेहमीच तसा बसतो.

आई बादली हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. "काहून घालू? शनिवारी आपण तेल इकत आणतो का? कोणी पाह्यत नाही म्हणून आणलं का कधी?" बादली आत आली. ड्रायरवर त्यांचा विश्वास नाही, कपड्याचा जीव जातो म्हणतात. मग ते ओले कपडे दिवसभर त्या महागड्या बैठकीत, खुर्च्यांच्या पाठींवर, जिन्याच्या कठड्यावर, आणि एक पातळ थेट काचेच्या भिंतीसमोर पसरलेलं. जिच्यासाठी पैसे मोजले ती समुद्राची बाजू दुपारपर्यंत नऊवारीआड. बाहेर ऊन फुकट चाललेलं. माझी चिडचिड काही गेली नाही, ती मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

दुपारी पाय मोकळे करायला निघालो तर रस्त्यावर गाडी नाही, कुत्रं नाही. एका छोट्या चर्चपाशी गॅलिक या तिथल्या जुन्या भाषेतली प्रार्थना चालू होती. एक माणूस ओळ उचलून द्यायचा आणि बाकीचे ती मागून घ्यायचे, पण एका सुरात नाही. ज्याची त्याची हरकत वेगळी, कोणी पुढे, कोणी मागे, आणि सगळं मिळून एक मोठी लाट अंगावर आल्यासारखं. पेटी नाही, काही नाही. आई तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेल्या. त्या कुंपणाला धरून उभ्या राहिल्या, अर्धा तास तरी. गार वाऱ्यात माझे कान दुखायला लागले तरी हलेनात. "वाद्यं काहून नाही ठेवत हे लोक?" हा एकच प्रश्न. नणंदेला उत्तर माहीत नव्हतं, आणि अशा ठिकाणी फोन काढून शोधणं बरं दिसलं नसतं.

सोमवारी उठून पाहिलं तर दूरदूरच्या सगळ्या घरांच्या दोऱ्या भरलेल्या. आमची त्यांच्याही आधी.

मधले दिवस समुद्रकिनारा, पांढरी वाळू, दात वाजवणारी थंडी. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. एक ठिकाण सांगते. रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये मागाचा आवाज आला आणि आईंनी गाडी थांबवायला लावली. त्यांचं माहेर नागपूरच्या पाचपावलीतलं, घरात माग होता. हॅरिस ट्वीड या इथल्या लोकरी कापडाला १९९३ चा स्वतःचा कायदा आहे: कापड याच बेटांवर, विणकरानं आपल्या घरी आणि हातमागावरच विणायचं. मोटर लावायची नाही. म्हणून तो म्हातारा सायकल मारल्यासारखा पायडल मारत होता. आईंनी कापडाला हात लावायच्या आधी विचारलं, मीटरमागे काय देतात? नणंदेनं लाजत लाजत भाषांतर केलं. तो जोरात हसला, आकडा सांगितला नाही. मुलगा मात्र मुख्य भूमीवर, इन्व्हरनेसला राहतो म्हणाला. परत यायचं आहे, पण घर परवडत नाही. चांगली घरं बाहेरचे लोक घेतात आणि पाहुण्यांना भाड्यानं देतात. कुठे उतरलात, हे त्यानं पुढे सहज विचारलं. नणंदेनं गावाचं नाव सांगितलं, घराचं नाही.

गाडीत कोणी फार बोललं नाही. त्या रात्री मी हॉट टबमध्ये बसले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. बसले. दहा वाजून गेले तरी लख्ख उजेड होता. पाण्याचं तापमान अडतीस दाखवत होतं. लेक मोबाइल घेऊन बाहेर आली, म्हणाली, आज नागपुरात पंचेचाळीस होतं.